गुपिताचा साक्षीदार

एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहून गुप्तहेरकथेचा पाया घातला, हे रहस्यकथेचा कोणताही इतिहास पहिल्या दोन-चार पानांतच सांगून टाकतो. त्याच पोने दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, ‘द टेल-टेल हार्ट’ लिहिली. ती मात्र सहसा भयकथांच्या रकान्यात ढकलली जाते. पहिल्या कथेत खून कुणी केला ते कळत नाही आणि एक बुद्धिमान माणूस ते शोधून काढतो. दुसरीत खुनी स्वतःच सुरुवातीपासून बोलतो आहे, त्यामुळे शोधायचे असे काही उरलेलेच नाही. म्हाताऱ्याला मारून, त्याचे तुकडे करून, जमिनीच्या फळ्यांखाली पुरून झाले आहे. पोलीस येतात, पण त्यांना काडीचाही संशय नाही. तरी हा गृहस्थ त्यांना आग्रहाने त्याच खोलीत बसवतो, आपली खुर्ची नेमकी पुरल्या जागेवर मांडतो, गप्पा रंगवतो आणि शेवटी आपणच ओरडून सगळे सांगून मोकळा होतो. या संग्रहातले लेख ज्या वाङ्मयाबद्दल आहेत, ते या दुसऱ्या वाटेने गेलेले आहे.

तो असे का करतो? नेहमीचे उत्तर असे की पाप पचत नाही, मन खाते, आणि खाता खाता माणूस कबुलीपर्यंत येतो. उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. पोच्या या माणसाला म्हाताऱ्याला मारल्याचा पश्चात्ताप झाल्याची खूण कथेत शोधूनही सापडत नाही. त्याला अभिमान आहे तो आपल्या सफाईचा, आणि ती सफाई बघायला कुणीच नाही ही त्याची खरी अडचण आहे. मानसशास्त्रीय गुन्हेकथेतला अपराधभाव म्हणजे केल्या कृत्याचा पश्चात्ताप, असे आपण धरून चालतो. या परंपरेतल्या उत्तम कृती वेगळेच काही दाखवतात, असे माझे म्हणणे आहे. तिथे माणसाला कृत्य जितके छळते त्याहून ते आपल्या एकट्यालाच ठाऊक असणे जास्त छळते. आपल्याला क्षमा हवी आहे की शिक्षा, हे त्याचे त्यालाही उमगत नाही, पण कुणी तरी साक्षीदार त्याला हवा असतो आणि त्याच साक्षीदाराची भीतीही वाटत असते. ओढ आणि भीती एकाच व्यक्तीभोवती गोळा झाली की माणूस पछाडला जातो. अपराधभाव, गुप्तता आणि पछाडलेपण हे तीन स्वतंत्र विषय म्हणून मांडायची पद्धत आहे. मला ते एकाच पिळाचे तीन पेड दिसतात.

हा पीळ पोच्याही आधीचा आहे. विल्यम गॉडविन हा इंग्लंडमधला राजकीय विचारवंत. १७९४ साली आलेल्या त्याच्या ‘केलेब विल्यम्स’ या कादंबरीचे मुख्य शीर्षक ‘थिंग्ज अॅज दे आर’ असे होते. लिहायचे होते ते बड्या जमीनदारांच्या अरेरावीबद्दल. पण कादंबरीला ओढून नेते ते एक गुपित. केलेब हा फॉकलंड नावाच्या प्रतिष्ठित जमीनदाराचा चिटणीस. धन्याने पूर्वी खून केला आहे आणि त्यापायी एक निरपराध बाप आणि त्याचा मुलगा फासावर गेले आहेत, असा त्याला संशय येतो आणि तो संशय त्याला स्वस्थ बसू देत नाही. अखेर धनीच त्याला खरे सांगतो, आणि सांगितल्या क्षणापासून त्याच्या मागे हात धुऊन लागतो. गॉडविनने आधी लिहिलेल्या शेवटात केलेब कोठडीत वेडा होतो. छापताना त्याने तो बदलला. छापील शेवटात फॉकलंड सर्वांसमक्ष कबूल करतो, तीन दिवसांत मरतो, आणि केलेबला वाटू लागते की खुनी आता आपणच. म्हणजे गुन्हा एकाचा आणि अपराधभाव त्याच्या साक्षीदाराचा. पुढे तीस वर्षांनी, १८२४ मध्ये, स्कॉटलंडच्या जेम्स हॉगने ‘जस्टिफाइड सिनर’ लिहिली. आपण ईश्वराचे आधीच निवडलेले, तेव्हा आपल्या हातून काहीही घडले तरी तरणारच, अशी खात्री असलेल्या तरुणाची ती कबुली आहे. त्याच्या सोबतीला सतत एक गूढ मित्र असतो, जो कदाचित सैतान आहे, कदाचित त्याच्याच मनाचा खेळ. बाहेर साक्षीदार मिळाला नाही तर मन तो आतून निर्माण करते, ही सूचना इथे पहिल्यांदा ठळकपणे येते.

या सगळ्याला पूर्ण रूप आले ते १८६६ साली ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकातून क्रमशः छापल्या गेलेल्या दोस्तोयेव्स्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये. पश्चात्तापाची कादंबरी म्हणून तिचा लौकिक इतका मोठा आहे की प्रत्यक्ष पानांवर काय आहे हे वाचलेली माणसेही विसरतात. रास्कोलनिकोव्ह व्याजबट्टा करणाऱ्या म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो, अचानक येऊन ठेपलेल्या तिच्या सावत्र बहिणीला, लिझावेतालाही मारतो, आणि लुटलेला ऐवज न मोजताच एका अंगणातल्या दगडाखाली पुरून ठेवतो. त्या दिवसापासून त्याला जे असह्य होते ते म्हणजे आई-बहिणीशी बोलता न येणे. त्या जीव ओवाळून टाकत असतात आणि याला त्यांच्याकडे पाहवत नाही, कारण आता आपण कुणाशीच, कधीच, मोकळेपणी बोलू शकणार नाही हे त्याला कळून चुकलेले असते. सायबेरियात पोचल्यावरही, उपसंहारात, आपल्या हातून भयंकर पाप घडले असे त्याला वाटत नाही. आपण टिकलो नाही, शरण गेलो, एवढीच त्याच्या मते आपली चूक. मग तो कबुली का देतो? शेवटाजवळचा जिन्यावरचा प्रसंग नीट पाहावा. तो पोलीस ठाण्यात गेला आहे. तिथे त्याला सहज कळते की स्विद्रिगायलोव्हने आत्महत्या केली. हाच तो माणूस, ज्याने बंद दाराआडून त्याची सोन्या या तरुणीजवळची कबुली ऐकली होती. पॉर्फिरी या तपास अधिकाऱ्याने सगळे ओळखले आहे, पण त्याच्या हातात ठोस पुरावा नाही. सुटण्याची वाट मोकळी झाली आहे. रास्कोलनिकोव्ह काही न बोलता जिना उतरतो आणि खाली सोन्या उभी दिसते. ती एक शब्दही बोलत नाही. तो परत फिरतो, वर जातो आणि सांगतो. कायद्याच्या भीतीने हे घडत नाही, कारण भीतीचे कारण नुकतेच संपलेले आहे. पश्चात्तापानेही घडत नाही. तो अजून झालेलाच नाही. ज्या माणसाला त्याने स्वतः सांगितले आहे ते माणूस समोर उभे आहे, म्हणून घडते.

एमिल झोलाने पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ‘तेरेझ राकँ’ लिहिली आणि हा प्रश्न धर्मातून काढून शरीरात नेला. तेरेझ आणि तिचा प्रियकर लोराँ मिळून तिच्या नवऱ्याला, कामीयला, होडीतून नदीत बुडवतात. बुडताना कामीय लोराँच्या मानेचा चावा घेतो आणि तो व्रण भरला तरी विझत नाही. दोघे लग्न करतात, पण शेजारी झोपू शकत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोलाने स्पष्टच म्हटले आहे की आपण माणसांच्या स्वभावांचा नव्हे, प्रकृतींचा अभ्यास केला, आणि ज्याला पश्चात्ताप म्हणावे लागते तो निव्वळ शारीरिक बिघाड आहे. लेखकाचे हे म्हणणे मी पूर्ण मान्य करत नाही, कारण कादंबरीतला सर्वात जिवंत भाग मज्जातंतूंचा नाहीच, तो आहे कामीयच्या आईचा. तिला अर्धांगवायू झाला आहे, वाचा गेली आहे, आणि अशा अवस्थेत तिला मुलाच्या खुनाचे सत्य समजते. गुरुवारच्या संध्याकाळी पाहुणे डोमिनो खेळायला जमले असताना ती सगळे बळ एकवटून टेबलावर बोटाने अक्षरे गिरवू लागते. दोघांची नावे लिहून होतात, क्रियापदापाशी बोट गळते, आणि पाहुणे उरलेले वाक्य आपापल्या परीने गोड करून पुरे करतात. खुनी वाचतात. पण त्या घरात आता दोन डोळे आहेत ज्यांना सगळे माहीत आहे आणि जे काहीच करू शकत नाहीत. लोराँ आणि तेरेझ यांचा अंत त्याच नजरेखाली होतो.

विसाव्या शतकात या वाङ्मयाला फाटे फुटले. त्यांची यादी द्यायची तर लांबेल. काही ठळक वळणे पुरेत. इंग्लंडमध्ये ऑस्टिन फ्रीमनने ‘द सिंगिंग बोन’ (१९१२) मध्ये गुन्हा आधी दाखवून तपास नंतर सांगण्याची उलटी रचना रूढ केली आणि फ्रान्सिस आइल्सने ‘मॅलिस अफोरथॉट’ (१९३१) मध्ये बायकोचा काटा काढू पाहणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यातच वाचकाला नेऊन बसवले. अमेरिकेत जेम्स केन आणि जिम थॉम्पसन यांनी सामान्य माणसाच्या हव्यासाला त्याच्याच तोंडून बोलायला लावले. फ्रान्समध्ये बोआलो आणि नार्सजाक या जोडीने पछाडलेपणाचे गणित मांडले; त्यांच्या १९५४ च्या कादंबरीवरून हिचकॉकने ‘व्हर्टिगो’ केला. या सर्वांत मला जॉर्ज सिमेनाँचा उल्लेख थोडा थांबून करावासा वाटतो. इन्स्पेक्टर मेग्रेमुळे तो घराघरांत पोचला, पण ‘ला नेज एते साल’ (१९४८) ही त्याची कादंबरी वेगळ्याच जातीची आहे. परक्या सैन्याने व्यापलेल्या एका शहरात फ्रँक नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा खून करायला काळोखात दबा धरून उभा आहे. शेजारी राहणारा होल्स्ट तिथून जाऊ लागतो. फ्रँक मुद्दाम खोकतो. इतक्या नेमक्या, इतक्या छोट्या कृतीत हा सबंध विषय मावल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पॅट्रिशिया हायस्मिथने मात्र या विषयाला आयुष्यच दिले. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५०) मध्ये आगगाडीत भेटलेला ब्रूनो हा गाय नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाला खुनांची अदलाबदल सुचवतो: मी तुझ्या बायकोला मारतो, तू माझ्या बापाला मार. हिचकॉकच्या १९५१ च्या चित्रपटात गाय सुटतो. कादंबरीत तो खरोखर खून करतो आणि मग जगात त्याला पुरते ओळखणारा एकच माणूस उरतो, तोच ज्याचा त्याला तिटकारा आहे. ब्रूनो गेल्यावर गाय आपल्या मेलेल्या बायकोच्या प्रियकराला गाठतो आणि सगळे सांगतो, कारण दुखावला गेलेला, क्षमा करायचा अधिकार असलेला माणूस तोच, असा त्याचा हिशेब. तो प्रियकर मात्र अर्धवट शुद्धीत, कंटाळलेला. त्याला काही पडलेलीच नाही. साक्षीदार मिळाला आणि तो बिनकामाचा निघाला, ही हायस्मिथची क्रूर विनोदबुद्धी. इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. याच लेखिकेचा टॉम रिप्ली १९५५ पासून पाच कादंबऱ्यांत खून पचवत जगतो, चांगले खातो, चित्रे जमवतो. मग साक्षीदाराची भूक कुठे गेली? माझे उत्तर असे: पश्चात्ताप नसेल तर गुपिताचा भार नाहीसा होतो असे पहिली रिप्ली कादंबरी म्हणत नाही. तिच्या शेवटी सगळे मनासारखे झालेले असताना त्याला पुढच्या प्रत्येक धक्क्यावर पोलीस उभे असल्याचे चित्र दिसते. शिवाय रिप्लीला कुणाला सांगावे लागत नाही, कारण आपण पानोपानी त्याच्या शेजारी बसलेलो असतो, आणि तो पकडला जाऊ नये असे आपल्याला वाटत असते. साक्षीदाराची रिकामी खुर्ची हायस्मिथ वाचकाला देते.

जपानने ही परंपरा उसनी घेतली आणि बरोबरीने पुढे नेली. एदोगावा राम्पो हे टोपणनावच पोच्या नावावरून बेतलेले. १९२५ च्या त्याच्या ‘मानसशास्त्रीय चाचणी’ या कथेत एक विद्यार्थी म्हातारीला मारून तिचे पैसे लुटतो. दोस्तोयेव्स्कीचे ऋण उघड आहे. शब्द उच्चारला की मनात येईल ते झटकन बोलायचे, अशी चाचणी होणार हे कळल्यावर तो घरी कसून सराव करतो. फसतो तो त्या सरावामुळेच: धोक्याच्या शब्दांना त्याची उत्तरे साध्या शब्दांपेक्षाही लवकर येतात. पुढे सेइचो मात्सुमोतोने गुपिताचे मूळ समाजात शोधले. १९६१ च्या ‘सुना नो उत्सुवा’मध्ये एक यशस्वी तरुण संगीतकार एका निवृत्त पोलिसाला मारतो, ज्याने कधी काळी त्याच्यावर उपकारच केले होते. कारण काय, तर हा कुष्ठरोग्याचा मुलगा आहे हे त्या भल्या माणसाला ठाऊक आहे. कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा जपानमध्ये १९९६ पर्यंत होता, हे लक्षात घेतले की या खुनामागची दहशत समजते. इंग्लंडमध्ये रूथ रेंडेलच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) चा ताण असाच आहे. मोलकरीण मालकांच्या कुटुंबाला का मारते हे पहिल्याच वाक्यात सांगितलेले आहे: तिला लिहिता-वाचता येत नाही. इथे गुपित खुनाच्या आधीचे आहे आणि खून त्याच्या पोटी जन्मतो. अपराधातून गुप्तता येते, हा नेहमीचा क्रम या दोन कादंबऱ्या उलटा करतात, आणि म्हणूनच गुपिताला मी या त्रयीत पहिला मान देतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. कबुलीजबाब, आत्म्याची टोचणी वगैरे ख्रिस्ती संस्कृतीचे. कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्यांना त्याचे काय, असे विद्वानही म्हणतात. पण आपलेच ग्रंथ वेगळे सांगतात. याज्ञवल्क्यस्मृती न्यायनिवाड्याचा व्यवहाराध्याय आणि प्रायश्चित्ताध्याय वेगवेगळे ठेवते, म्हणजे राजदंड भोगला की आतला हिशेब मिटला असे ती धरत नाही. मनुस्मृतीत तर पापातून सुटण्याच्या उपायांत ते बोलून दाखवणे आणि अनुताप हे दोन्ही सांगितलेले आहेत. आणि वाल्मीकीचा दशरथ? तरुणपणी शब्दवेधी बाणाने आंधळ्या मातापित्यांचा मुलगा मारल्याची कथा तो कौसल्येला सांगतो, तेव्हा राम वनात गेलेला आहे आणि त्या रात्रीच दशरथाला मरण येणार आहे. ऐकायला त्याने निवडली तीही मुलाला मुकलेली आईच. कुंतीचे गुपित तर कर्ण मेल्यावर, तर्पणाच्या वेळी फुटते आणि त्याचा अपराधभाव वाट्याला येतो तो युधिष्ठिराच्या, ज्याला काही माहीतच नव्हते. केलेब विल्यम्सची जात आपल्याला अनोळखी नाही.

अनोळखी राहिली ती आपल्या रहस्यकथेला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले, पण त्या कथांचा जीव धाडसात आणि वेगात होता. गुन्हेगाराच्या मनात रेंगाळायला तिथे सवड नव्हती. मराठीत हे काम रंगभूमीने आणि पडद्याने केले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि खेळता खेळता तिचे खासगी आयुष्य ओरबाडून बाहेर काढले जाते. त्या कोर्टात साक्षीदारांना तोटा नाही. समजून घेणारा एकही नाही. शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’ (१९७२) मधला मास्तर तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो आणि गावाच्या मनातली आपली मूर्ती भंगू नये म्हणून आपण कोण हे सांगत नाही. हायस्मिथलाही हेवा वाटावा अशी ही कल्पना आहे. या दोन्ही कृती ‘गुन्हेकथा’ म्हणून कुणी वाचत-बघत नाही, आणि त्यामुळे आपले नुकसान झाले आहे असे मला वाटते.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. गुन्हेगाराच्या मनात इतका वेळ घालवला की मेलेले माणूस पुसले जाते. हे खरे आहे. ब्रूनोने मारलेली गायची बायको मिरियम कोण होती, हे किती वाचकांना सांगता येईल? पण यातल्या श्रेष्ठ लेखकांना ही जाणीव होती. आपण लिझावेताची आठवण जवळजवळ काढतच नाही, जणू तिला मारलेच नाही, हे रास्कोलनिकोव्हच्या स्वतःच्याच ध्यानात येते आणि त्याला नवल वाटते. तो विसरतो, पण कादंबरी विसरत नाही. हलक्या हातांनी लिहिलेल्या शेकडो थ्रिलर्सना एवढेही श्रेय देता येणार नाही, आणि खऱ्या खुनांवरच्या मालिका चवीने बघण्याच्या आजच्या काळात हा दोष वाढतोच आहे.

आज हे वाङ्मय वाचायचे ते याही कारणाने. आता फोन, कॅमेरे, तिकिटे, पावत्या सगळ्यांची नोंद ठेवतात. साक्षी उदंड आहेत, फक्त त्यांना काही कळत नाही. जीतू जोसेफच्या मल्याळम ‘दृश्यम’ची (२०१३) निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये गोव्यात मांडलेली हिंदी आवृत्ती याच फटीत शिरते. विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला खोटे साक्षीदार उभे करत नाही. तो प्रामाणिक माणसांच्या मनातली तारीख तेवढी सरकवतो. कायदा हरतो. आणि तरी शेवटी, कुणी विचारलेले नसताना, हा माणूस मेलेल्या मुलाच्या आईबापांसमोर हात जोडून जवळजवळ सगळे सांगतो. केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (२००५) मध्येही निर्दोष योजना कोसळते ती पोलिसांमुळे नव्हे, तर जिच्यासाठी ती रचली तिला सत्य समजल्यावर ते एकटीने बाळगता येत नाही म्हणून.

या संग्रहाने सर्वसमावेशक इतिहास होण्याचा हट्ट धरलेला नाही, हे बरे केले. विकृत मालिका-खुन्यांचे वाङ्मय इथे जवळपास नाही. त्यात कोडे असते, रक्त असते, पण लपवण्याची वेदना क्वचितच असते. लेखकांचे एकमेकांशी मतभेद आहेत आणि ते संपादनात घासून गुळगुळीत केलेले नाहीत. झोलाचे शरीरशास्त्र मनापासून मानणारा लेख माझ्या वरच्या विधानांना सरळ छेद देतो, तोही जरूर वाचावा. लेखांत बहुतेक कृतींचे शेवट फोडलेले आहेत, त्याबद्दल तक्रार येईल. पण ज्या कादंबऱ्या खुनी कोण ते पहिल्या पानावर सांगतात त्यांना या तक्रारीने फारसे बिघडत नाही. ज्यांनी यातले काहीच वाचलेले नाही त्यांनी सुरुवात राम्पोच्या कथेपासून करावी; ती एका बैठकीत होते. मग ‘तेरेझ राकँ’. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ला मात्र महिनाभर द्यावा आणि उपसंहार गाळू नये. तो मागाहून जोडल्यासारखा वाटतो ही तक्रार जुनी आहे आणि अगदीच खोटी नाही, पण रास्कोलनिकोव्हला पश्चात्ताप झाला की नाही, या प्रश्नावर वाचकाला आपले मत ठरवायचे तर ते तिथेच ठरवावे लागेल.